इंजिनाला हात लागलेला नाही, म्हणजे नक्की काय?

(गाडीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरात एक जुने मिस्त्री उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नवी गाडी घ्यायची आहे आणि घेतली की निदान पंधरा वर्षं बदलायची नाही, असं ठरवलंय. एक मॉडेल मनात भरलं आहे. ते वापरणाऱ्या ओळखीच्या सहा जणांना विचारलं. तिघं म्हणाले, डोळे झाकून घे. एकजण म्हणाला, आजवर इंजिनाला हात लागलेला नाही. उरलेल्या दोघांनी मात्र त्याच गाडीला इतकी नावं ठेवली की माझं डोकं फिरलं. खरं कोणाचं मानायचं?
– एक गोंधळलेला वाचक

उत्तर : सहाही जण खरं बोलत असतील. तुमचा प्रश्न मोघम होता, म्हणून उत्तरंही मोघम आली.

'डोळे झाकून घे' म्हणणाऱ्या तिघांना पुन्हा गाठा आणि विचारा, गाडी किती वर्षांची झाली आणि काटा कुठे आहे? तीन वर्षांची, तीस-चाळीस हजार किलोमीटर झालेली गाडी चांगली चालते यात नवल ते काय? तेवढी तर कुठलीही चालते. पंधरा वर्षं ठेवणाऱ्याने निदान आठ-दहा वर्षं जुन्या गाडीचा मालक शोधावा. त्याहून नव्या गाडीच्या मालकाकडे तुमच्या कामाचं काही नाही.

आता ते 'इंजिनाला हात लागलेला नाही'. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ एवढाच की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा व्हॉल्व्हचा भाग, उतरवलेलं नाही. वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टार्टर, क्लच प्लेट, शॉकअप, लिंक रॉड, एसीचा कंप्रेसर यांचं त्यात काही येत नाही. मालकाला आठवतं ते रस्त्यात बंद पडलेलं. सर्व्हिसिंगच्या बिलात गुपचूप बदललं गेलेलं तो विसरतो. कंप्रेसर गेला तो एसीच्या खात्यात, क्लच गेला तो ड्रायव्हरच्या खात्यात, बुश गेले ते खड्ड्यांच्या खात्यात, आणि शेवटी माणूस छातीठोकपणे सांगतो की गाडीने कधी त्रास दिला नाही. खोटं नसतं ते. हिशेबाची पद्धत तशी असते.

नावं ठेवणाऱ्या दोघांचंही तसंच. काय बिघडलं ते विचारा. एकाची स्क्रीन अडकत असेल, फोन जोडला जात नसेल, तर तो वैतागलेला असणारच, कारण रोज सकाळी त्याला तेच दिसतं. दुसऱ्याची क्लच प्लेट वारंवार जात असेल तर त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारा आणि डावा पाय कुठे टेकवलेला असतो ते बघा.

तुम्ही म्हणाल, मग लोकांचं ऐकण्यापेक्षा मोठमोठे सर्व्हे वाचावेत. वाचा, पण तो सर्व्हे नेमकं काय मोजतो ते आधी बघा. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून होतो आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी असा आकडा देतो. त्यात फोन जोडला न जाणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणं हीसुद्धा एकच तक्रार. अलीकडच्या वर्षांत त्यात सर्वात जास्त तक्रारी स्क्रीन आणि तिच्या भानगडींच्याच असतात. जर्मनीतला ट्यूफ अहवाल वेगळा. तिथे खाजगी गाडीची सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी होते, त्या तपासण्यांवरून तो तयार होतो. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन, गंज, धूर हे त्यात दिसतं. गाडी किती वेळा रस्त्यात उभी राहिली ते त्यात दिसत नाही. ते हवं असेल तर तिथल्याच एडीएसी या वाहनचालक संघटनेची आकडेवारी बघा. तिची माणसं मदतीला जातात आणि कशासाठी जावं लागलं त्याची नोंद ठेवतात. त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा कारण निघतं बारा व्होल्टची बॅटरी! म्हणजे एकीकडे स्क्रीन, दुसरीकडे सस्पेन्शन, तिसरीकडे बॅटरी. तिन्ही बरोबर, आणि तुमच्या पंधरा वर्षांना तिघांचंही उत्तर अपुरं.

म्हणून मालकाला असं विचारा : काय काय बदललं, किती किलोमीटरला बदललं, आणि बिघडलं म्हणून बदललं की मुदत संपली म्हणून? ज्याच्याकडे बिलांची फाइल आहे त्याच्याकडे जास्त वेळ बसा. तो गाडीला शिव्या घालत असला तरी बसा.

आणखी एक. मॉडेलचं नाव एक असलं तरी पोटात काय आहे ते वेगळं असतं. साधं पेट्रोल इंजिन आणि टर्बो, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, फेसलिफ्टच्या आधीची आणि नंतरची, या माझ्या लेखी वेगळ्या गाड्या. तुमच्या सहाजणांपैकी तुम्हाला हवं तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स किती जणांकडे आहे? दोघांकडे असेल तर तुम्ही दोघांनाच विचारलंत असं समजा.

टायमिंगचंही, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणाऱ्या साखळीचं किंवा पट्ट्याचंही, विचाराच. चेन आहे की बेल्ट? बेल्टची मुदत इंजिनानुसार साधारण साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत कुठेही असते आणि तिला वर्षांचीही मर्यादा असते. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. मग हात लागलेला नाही वगैरे सगळं एका क्षणात संपतं. काही नव्या इंजिनांत हा बेल्ट तेलात भिजून चालतो. चुकीचं तेल पडलं किंवा तेल बदलायला उशीर झाला की रबराचा भुगा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनाला तेल पोचत नाही. अशा इंजिनाचा ऐंशी हजारांवरचा मालक खुशीत असतो, कारण ते वळण त्याच्यापुढे अजून आलेलंच नसतं.

प्रश्न : आमची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे आणि फक्त ३८,००० किलोमीटर चालली आहे. शाळेत जायचं-यायचं, भाजी आणायची, एवढंच. निवृत्तीनंतर तर आठवड्यातून एकदा बाहेर निघते. इतकी जपून वापरूनही गेल्या वर्षभरात बॅटरी, सायलेन्सर आणि ब्रेक अशी तीन कामं निघाली. मिस्त्री म्हणतो, 'बाई, गाडी वापरा.' तो माझी थट्टा करतोय का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, थट्टा नाही. तुमचा मिस्त्री चांगला आहे, त्याला सोडू नका.

गाडीचं वय दोन घड्याळांवर चालतं, किलोमीटरचं आणि वर्षांचं. तुम्ही पहिलं थांबवलंत, दुसरं कोणाला थांबवता येत नाही. त्यात तुमचा वापर इंजिनाला सर्वात जड जाणारा आहे, तो म्हणजे छोट्या फेऱ्यांचा. पटकन पटत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं. पण सायलेन्सर तापायच्या आत तुम्ही गाडी बंद केलीत तर ती वाफ आतच पाणी होऊन बसते, आणि सायलेन्सर आतून सडतो. बाहेरून रंग शाबूत आणि आत गाळण, असे सायलेन्सर मी किती उतरवले असतील! थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून इंजिनाच्या तेलातही उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं, तापलंच नाही तर तिथेच राहतं. एखाद्या थंड दिवशी चार-पाच छोट्या फेऱ्यांनंतर तेलाचं झाकण फिरवून उलटं करून बघा. आतल्या बाजूला पिवळट-पांढरं, सायीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते तेलात फेसाळलेलं पाणी. लगेच घाबरू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची पातळी जागच्या जागी असेल तर गाडी मोठ्या रस्त्यावर चांगली तापेपर्यंत चालवा, बहुधा ते नाहीसं होईल. कूलंट कमी होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं.

बॅटरीचं असं की स्टार्ट मारताना एकदम मोठा करंट ओढला जातो आणि तो भरून काढायला तुमची फेरी पुरत नाही. वर गाडी उभी असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर तिला कुरतडत असतात. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ वर आली की ती अर्ध्यावर आली, आणि तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतो, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

ब्रेकची दोन कारणं असतात. डिस्कवर गंज चढतो आणि ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात, हे एक. दुसरं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, गाडी चालो न चालो. डॉट ४ जातीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब घाटउतारावर हा फरक जिवावर बेततो. दोन वर्षांनी ते बदलायचंच, मीटर काहीही म्हणो.

टायरची नक्षी नव्यासारखी असेल म्हणून फसू नका. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१६ असेल तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दहा वर्षांनंतर टायर कितीही कोरा दिसला तरी काढा. सहाव्या वर्षापासून दरवर्षी भेगा तपासून घ्या.

आठवड्यातून एकदाच गाडी काढता ना? मग ती फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, मोकळ्या रस्त्याची करा. दारात उभी ठेवून इंजिन पाच मिनिटं चालू करायची सवय असेल तर ती सोडा, त्याने वर सांगितलेलं सगळं वाढतं. इंजिनाचं तेल दर वर्षाला बदला. आणि तुमची गाडी पेट्रोलची आहे हे तुमचं नशीब. नव्या डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ असतो, तो अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून ती काजळी जाळतो. छोट्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं, तो तापवायला सोडलेलं जास्तीचं डिझेल तेलात उतरतं, आणि तेल मोजायच्या डिपस्टिकवर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. शहरात दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्यांना डिझेल विकणाऱ्या सेल्समनला मी एक दिवस गॅरेजमध्ये कामाला ठेवीन म्हणतो.

प्रश्न : गाडी ऑटोमॅटिक आहे, ९५,००० किलोमीटर झाले. पुस्तिकेत लिहिलंय की गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरतं. गॅरेजवाला म्हणतो, बदला. माझा एक मित्र म्हणतो, बदलू नकोस, बदललं की गिअरबॉक्स जातो, त्याचा गेला.
– एक वाचक

उत्तर : आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

अनेक कंपन्यांच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः सांगते की तिच्या गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा फार तर आठ वर्षांनी बदलावं. गिअरबॉक्स बनवणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा गरज नाही म्हणतो, यातलं कोणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

तुमच्या मित्राचं म्हणणंही अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. दोन लाखांपर्यंत ज्याला कोणी हात लावला नाही आणि जो आधीच घसरत होता, असा गिअरबॉक्स लोक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलायला आणतात. तो जाणारच होता, नाव तेलाचं होतं. शिवाय मशीन लावून जोराने फ्लश केलं, म्हणजे तेल दाबाने फिरवून आतून धुतलं, तर तळाचा गाळ तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसतो. तुमचा गिअरबॉक्स ९५ हजारांवर ठीक चालत असेल तर साधं काम सांगा : तेल सोडा, फिल्टर बदला (काही गिअरबॉक्सांत तो तळाच्या प्लास्टिक पॅनमध्येच असतो, म्हणजे पॅनच बदलावा लागतो), आणि पुस्तिकेतल्या नंबरचंच तेल भरा. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचं ठरावीक तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर बघून लावायची असते. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर न जोडता 'अंदाजाने भरतो' म्हणतात तिथून गाडी घेऊन निघा.

प्रश्न : गाडी पाच लाख किलोमीटर चालते का हो? की या सगळ्या थापा?
– एक वाचक

उत्तर : चालते. अमेरिकेत अर्व गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली व्होल्वो पी १८०० घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर तीस लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. गिनीजमध्ये नोंद आहे. पण त्यांच्याही इंजिनाला हात लागला होता बरं का! पहिल्यांदा लागला तो ६ लाख ८० हजार मैलांनंतर. माणूस लांब पल्ल्याचा रस्ता रोज तुडवायचा, तेल वेळच्या वेळी बदलायचा, आणि बारीकसा आवाज आला तरी त्याकडे बघायचा. त्या एका गाडीवरून त्या मॉडेलबद्दल फारसं कळत नाही, गॉर्डन यांच्याबद्दल कळतं. त्या मॉडेलच्या बाकीच्या गाड्यांचं काय झालं ते कोणी छापत नाही.

प्रश्न : सात वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? बॅटरी गेली तर?
– एक वाचक

उत्तर : बॅटरी एकदम जाते, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. तिची क्षमता हळूहळू उतरते. बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल त्याची आणि क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही याची हमी देतात. सात वर्षांच्या गाडीत त्यातलं फार तर वर्ष उरलं आहे, ते लिहून घ्या. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल स्कॅनरवरून काढून मागा, डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नका, कारण तो मागच्या चालवण्यावरून बदलतो. बॅटरी थंड ठेवायची व्यवस्था कशी आहे तेही विचारा. २०१० साली आलेल्या निसान लीफमध्ये ती पाण्याने थंड करायची सोय नव्हती, आणि उष्ण भागातल्या मालकांच्या बॅटऱ्या लवकर उतरल्या. बाकी सस्पेन्शन, टायर, ब्रेक यांचं सगळं जुन्यासारखंच. आणि हो, इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी दारात ढिम्म उभी राहते.

प्रश्न : काका, तेरा वर्षांची पेट्रोल गाडी, १,९०,००० किलोमीटर. गेल्या महिन्यापासून कूलंट कमी होतंय. एक मिस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, आता विकून टाका. घरच्यांनाही तेच हवंय. गाडीने इतकी वर्षं साथ दिली, विकवत नाही.
– एक वाचक

उत्तर : विकायची की ठेवायची हे नंतर. आधी गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली सीलची पट्टी, गेलंय का ते बघू, कारण नुसतं कूलंट कमी होतंय एवढ्यावरून ते सांगता येत नाही.

गार इंजिनात कूलंट भरा आणि प्रेशर टेस्टर लावायला सांगा. पंपाने दाब दिला की गळती कुठे आहे ते बाहेर दिसतं. या वयात रेडिएटरची प्लास्टिकची टाकी, वॉटर पंपाचं सील, हिटरचा पाइप, किंवा दाब न धरणारं झाकण, यांपैकी काहीतरी निघण्याची शक्यता चांगली आहे. झाकण तर कोणी बघतच नाही. बाहेर काहीच सापडलं नाही तर दुसरी तपासणी : एक्सपान्शन टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालू करतात. टाकीतल्या हवेत इंजिनाचा जळलेला वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. पिवळा पडला तर गॅस्केट किंवा हेडला तडा. मग चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजून घ्या. बाकी सिलिंडर चांगले निघाले आणि बॉडीला खालून गंज नसेल तर मी असतो तर हेड उतरवून, सपाट करून घेऊन, नवं गॅस्केट टाकून गाडी ठेवली असती. कॉम्प्रेशन सगळीकडेच पडलेलं असेल आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर घरच्यांचं ऐका.

या तपासण्या न करता ज्याने विका म्हणून सांगितलं, त्याला गाडी घेणारा गिऱ्हाईक कोण आहे ते सहज विचारून बघा.

निकाल येईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला तर लाल पट्ट्याची वाट न बघता बाजूला थांबा, आणि इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. द्रवाचा रंग काय आला आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे काय निघाले, तेवढं कळवा.